नमद्यावरचं गाव

बेरमेत नावाची पोरगी शहरातून आली तेव्हा तिच्या गाडीत कागदाचा एकही नकाशा नव्हता, याचंच आम्हाला आधी नवल वाटलं. तिच्याआधी आलेले साहेब लोक मोठाल्या गुंडाळ्या घेऊन यायचे, टेबलावर पसरायचे, चार कोपऱ्यांवर आमचेच चहाचे वाडगे ठेवायचे आणि आमचंच गाव आम्हाला समजावून सांगायचे. ही पोरगी उतरली, हात झटकले आणि मला म्हणाली, "आपा, तुमच्याकडे लोकर आहे का?"

"मेंढ्यांच्या गावात येऊन लोकर विचारतेस," मी म्हटलं, "उद्या नदीवर जाऊन पाणी आहे का विचारशील."

काम काय होतं ते सांगते. वसंतात डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि आमच्या आलाबुलाक गावाची खालची आळी घेऊन गेला. माणसं वाचली, कारण सगळी कोकरांच्या मागे रानात होती. पण घरं गेली, आणि तेव्हापासून ती कुटुंबं नातेवाइकांच्या गोठ्यांत, कोठारांत दिवस काढत होती. जिल्ह्याचा अधिकारी म्हणाला, जमीन देतो, नळ देतो, विजेचे खांब देतो. पण नवी घरं कुठे बांधायची हे गावानं मिळून ठरवायचं, आणि असं ठरवायचं की पाणी, कुरण, जळण नातवंडांनाही पुरलं पाहिजे. "नाहीतर दर दहा वर्षांनी तुम्ही वाहून जाणार आणि आम्ही खांब पुरत बसणार," असंही तो म्हणाला. गावाला हे जमावं म्हणून बेरमेतला पाठवलेलं.

तिची रीत अशी, की आधी गाव हातांनी करायचं आणि मग त्यावर बोलायचं. क्लबाच्या, म्हणजे गावच्या सभागृहाच्या, जमिनीवर आम्ही जुनी दारं जोडून टाकली आणि त्यावर नमद्याचं, म्हणजे लोकर कुटून केलेल्या जाड कापडाचं, गाव शिवलं. डोंगरांत टाकाऊ लोकर भरली, बर्फाला पांढरा नमदा, कुरणांना हिरवा, झऱ्याला निळा. मग बेरमेतनं प्रत्येक बाईच्या हातात लाल धागा दिला आणि सांगितलं, आपल्या घरापासून, घर गेलं असेल तर ते जिथे होतं तिथून, पाण्यापर्यंत घाला. घातले. पेरिझातचा धागा सगळ्यांत लांब निघाला, दोन टेकड्यांना वळसा घालून गेला. पाणी बायका आणतात हे पुरुषांना ठाऊक होतं, पण धागा एवढा लांब असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मला त्या पोरीची रीत आवडली.

पेरिझात म्हणजे माझ्या धाकट्या दिराची सून. लोंढ्यात घर गेल्यापासून नवरा आणि दोन लेकरं घेऊन आमच्याच गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होती. आमच्याकडे सून मोठ्यांपुढे आवाज चढवत नाही, त्यांची नावं घेत नाही. पेरिझात तर त्यातलीही गरीब, चहा ओततानासुद्धा धारेचा आवाज होऊ देत नसे.

शेवटी राहिला करडा नमदा. तो कुठे घालायचा, तर जिथून लोंढा येऊ शकतो तिथे. बेरमेतनं म्हाताऱ्यांना विचारलं आणि आमचा म्हातारा, माझा नवरा, बोलला.

"माझ्या बापाच्या काळात सुक्या ओढ्यातून लोंढा आला होता. घोड्यावर बसलेला माणूस घोड्यासकट गेला. ओढा पन्नास वर्षं सुका असला म्हणून तो मेलेला नसतो. त्याच्या तोंडाशी घाल करडा."

तो करडा तुकडा मी स्वतः शिवला. सगळं गाव बघत होतं.

आता म्हाताऱ्याबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव शार्शेन. मी ते तोंडानं घेत नाही, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं कसं. तो गावातला सगळ्यात मोठा आक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा. भावाभावांचं भांडण असो की कळप कुठल्या कुरणात न्यायचा हे ठरवायचं असो, पहिला शब्द त्याचा. आणि गेली तीन वर्षं त्याला दिसत नव्हतं. उजेड आणि अंधार कळायचा, बस्स. आम्ही दोघं शहरातल्या डॉक्टरकडे जाऊन आलो होतो, गावाला सांगितलं की लेकीकडे गेलो होतो. डॉक्टर म्हणाला, उशीर झाला. परत येताना गाडीत म्हातारा म्हणाला, "आंधळ्याला मानाच्या जागी बसवतात गं, पण त्याला विचारत कुणी नाही. कुणाला कळू द्यायचं नाही."

मग मी कळू दिलं नाही. त्याचा चहाचा वाडगा नेहमी उजव्या गुडघ्याशी. रस्त्यानं जाताना मी अर्धं पाऊल पुढे, तोंडानं बडबड करत, म्हणजे तो आवाजामागून येई. लोकांना वाटे उल्कानचं तोंड काही बंद होत नाही. दारात कुणी आलं की मी खोकायची, बाई असेल तर एकदा, पुरुष असेल तर दोनदा. खोकला ऐकून तो इतक्या झोकात मान वळवून "या, या, बसा" म्हणे, की मलाच क्षणभर वाटे याला दिसतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला त्या मुठीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

नवी घरं कुठे व्हावीत, याबद्दल म्हाताऱ्याच्या मनात शंका नव्हती. वरच्या पठारावर. तिथे झरा आहे, जमीन घट्ट आहे. पण पठार म्हणजे आमच्या मेंढ्या व्यायच्या त्या दिवसांतलं कुरण, आमचं आणि आणखी काही घरांचं. ओढ्याच्या तोंडाशी मात्र सडक जवळ, विजेचा खांब हाताशी, कुणाचं कुरण जात नाही. बऱ्याच जणांचा डोळा तिकडे होता, करडा नमदा असूनही. "कोकरांना दुसरं कुरण मिळेल," म्हातारा म्हणाला, "पेरिझातच्या पोरांना दुसरा जन्म नाही मिळणार. मी पहिला ठेवीन, मग बघू कोण खळखळ करतो."

ठेवायचं होतं ते मेंढीच्या घोट्याचं हाड. आमची पोरं ज्या हाडांनी खेळतात तीच, लाल रंगवलेली. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक हाड, आणि ज्याला जिथे घरं व्हावीत असं वाटतं तिथे त्यानं नमद्यावर ठेवायचं. हा बेरमेतचाच बेत, आणि चांगला होता. फक्त मान म्हणून तिनं विचारलं, "आधी आक्साकाल ठेवतील ना?" दुसरं कोण ठेवणार होतं!

आदल्या दुपारी क्लब रिकामा होता. शिवणीचा टाका निघालाय असं सांगून मी किल्ली आणली आणि म्हाताऱ्याला आत नेलं. त्याचा हात धरून शिकवलं. रंगमंचाकडची कड, तिथून तीन वीत वर, मग डावीकडे सपाट लागतं ते पठार. त्यानं पाचसहा वेळा करून बघितलं. शेवटी मी हात सोडला, आणि त्याचा तळवा आपला आपण पठारावर जाऊन बसला. कोकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्यानं तो नमद्यावरून फिरवला.

दुसऱ्या दिवशी क्लबात शिरले आणि पाहते तर नकाशा फिरवलेला. डोंगर दाराकडे, ओढा रंगमंचाकडे. जिल्ह्याला पाठवायच्या फोटोत उजेड नीट यावा म्हणून बेरमेतनं सकाळी चार जणांना लावून नमद्याखालची दारं फिरवून घेतली होती.

पुरुष एका बाजूला, आम्ही बायका दुसऱ्या, आणि म्हातारा हाड घेऊन पुढे निघालेला. एवढंच म्हणायचं होतं, "अहो, नकाशा फिरवलाय." चार शब्दही नाहीत. पण ते म्हटले असते तर प्रत्येकानं विचार केला असता, हे त्याला सांगावं का लागतंय? मी खोकले. दोनदा, मग आणखी दोनदा. म्हाताऱ्याला वाटलं पुरुषमाणसं आत येताहेत. त्यानं दाराकडे वळून छातीवर हात ठेवून सलाम केला. दारात कुणीच नव्हतं.

मग तो वाकला. कड, तीन वीत, डावीकडे सपाट. हाड ओढ्याच्या तोंडाशी, बरोबर करड्या नमद्यावर ठेवलं. मी शिवलेल्या टाक्याला ते टेकलं होतं.

मला वाटलं आता कुणीतरी बोलेल. त्याच्या खालोखाल वय सातिबाल्दीचं. दोघं एकाच वर्षी लष्करात गेलेले, आयुष्यभर एकमेकांना टोचून बोललेले. सातिबाल्दीनं हाडाकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि आपलं हाड शेजारी ठेवलं. त्याच्यामागून गावप्रमुख काचकिन. मग एकामागून एक सगळे. मेंढरांना हसतो आम्ही, पुढचं मेंढरू खड्ड्यात पडलं की मागचं का थांबत नाही म्हणून.

बायकांची पाळी आली. पेरिझातचा हात पठाराच्या बाजूला निघाला आणि मध्येच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिनं हाड ओढ्यात ठेवलं. आणि मग मी ठेवलं. हो, मीही.

बेरमेत काचकिनच्या कानाशी लागली. मी जवळच होते, ऐकलं. "हा करडा भाग ना? त्यांनीच तर सांगितलं होतं."

"आक्साकालांनी ठेवलंय," काचकिन पुटपुटला, "म्हणजे त्यात काहीतरी विचार असेल. तू नको बोलूस, बाई."

तेवढ्यात म्हाताऱ्यानं दोन्ही तळवे वर केले आणि दुवा मागितली, नव्या घरांत भाकरी सरू नये, पाळणे रिकामे राहू नयेत. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आमच्याकडे दुवा झाली की विषय संपला. त्यानंतर ठरलेलं मोडणं म्हणजे देवाच्या तोंडावर दार आपटणं.

घरी आल्यावर म्हाताऱ्याच्या अंगात जणू विशीचं बळ आलं. बूट काढता काढता बोलत होता.

"ऐकलंस, म्हातारे? ठक, ठक, ठक! एकही हाड लांब पडलं नाही. सगळी माझ्या हाताशेजारी."

"ऐकलं," मी म्हटलं.

"पठार सोडायचं तर दहा जण कुरकुरतील म्हटलं होतं. एक हूं की चूं नाही. अजून वजन आहे हो आपल्या शब्दाला."

"चहा घ्या, निवतोय."

"सातिबाल्दीनं कुठे ठेवलं?"

"तुमच्या शेजारी."

"त्याचं कुरण जातंय, तरी!" तो हसला, साय घेतली, तळलेल्या पिठाचे बोर्सोक तिच्यात बुडवून बुडवून खाल्ले, आणि पडल्या पडल्या घोरायला लागला. मी वाडगे विसळत राहिले. स्वच्छ झालेले वाडगेसुद्धा पुन्हा विसळले.

आराखडा शुक्रवारी जिल्ह्याला जायचा होता. त्यावर शिक्का बसला की खांब तिथेच पुरणार, नळ तिथेच येणार. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी तंदुराशी पेरिझात आणि मी भाकऱ्या लावत होतो. तिनं पीठ मळता मळता, वर न बघता विचारलं, "आपा, आक्साकालांना तिथे काहीतरी दिसलं असेल, नाही?"

मला हसू यावं की रडू, कळेना. आणि आलं काय, तर राग.

"त्यांनी सत्तर हिवाळे पाहिलेत, तुझ्या बापानं नसतील पाहिले," मी म्हटलं. "तू भाकरी बघ, करपतेय."

भाकरी करपत नव्हती. पेरिझातनं ती मुकाट्यानं काढली, फुंकर मारून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "चुकलं, आपा." तिचं काय चुकलं होतं? जनाची नाही तर मनाची तरी म्हणतात, ती मला त्या क्षणी इतकी वाटली की तंदुराच्या धगीकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे लाल झालेलं तोंड धगीच्या नावावर खपेल.

दुपारी मी वासरू शोधत ओढ्याकडे गेले. तिथे पेरिझात होती. धाकटं पाठीशी बांधलेलं, थोरली मागून लुटूलुटू. पाया घालायला ती दगड गोळा करत होती. चांगले गोल, घट्ट दगड निवडायची, डबक्यातल्या पाण्यात धुवायची आणि रांगेत मांडायची. थोरली एकेक दगड पोटाशी धरून आणत होती आणि विचारत होती, "हा आपल्या चुलीखाली?" ते दगड आले कुठून, हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक होतं. एवढे गोल दगड वरून लोंढ्यानंच आणलेले असतात, आमच्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल. तरी ती धूत होती. सगळ्यांनी ठरवलंय म्हटल्यावर तिनं दुसरं काय करायचं?

मला पाहून तिनं ओले हात झग्याला पुसले आणि लाजल्यासारखी हसली. "जमीन गोठायच्या आत पाया झाला पाहिजे ना, आपा."

मी वासराचं विचारलंच नाही. तशीच घरी आले. म्हातारा उन्हात बसून नव्या काठीला सुरीनं गुळगुळीत करत होता, बोटांनी चाचपत.

"अहो," मी म्हटलं, "नकाशा फिरवलेला होता."

सुरी थांबली.

"कुठला नकाशा?"

"क्लबातला. त्या दिवशी सकाळी फिरवला होता. तुम्ही पठारावर नाही ठेवलंत. ओढ्यात ठेवलंत."

तो अगदी हळू म्हणाला, "मग सगळ्यांनी कुठे ठेवलं?"

"तिथेच."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"सातिबाल्दीनंही?"

"त्यानंही."

"त्याला तर दिसतं," म्हातारा म्हणाला.

त्यानं सुरी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आणि तू?" मी उत्तर दिलं नाही. त्यानं मान हलवली, जणू उत्तर मिळालं. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं फक्त कल्पाक मागितला, तो पांढरा, सणाचा. डोक्यावर नीट बसवला आणि म्हणाला, "क्लबात चल. आणि रस्त्यानं बडबड करू नकोस. हात धर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, भर रस्त्यात त्यानं माझा हात कधी धरला नव्हता. आमच्यात ते शोभत नाही. गावातून आम्ही हात धरून चाललो. कुंपणाशी उभ्या असलेल्या बायका आत गेल्या, आणि मग त्यांचे नवरे बाहेर आले. क्लबाशी पोचेस्तोवर निम्मं गाव मागे होतं.

बेरमेत आत नमद्याचे फोटो लावून काहीतरी करत होती. म्हातारा नकाशाच्या कडेला उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मी हाड कुठे ठेवलं होतं?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"काचकिन, तू गावप्रमुख आहेस. सांग."

"आक्साकाल, तुम्ही विचार करूनच..."

"विचार नाही विचारला. जागा विचारली."

काचकिन बूट बघत राहिला. शेवटी सातिबाल्दी खाकरला. "ओढ्याच्या तोंडाशी ठेवलंस."

"आणि तू कुठे ठेवलंस, गाढवा?"

"तुझ्या शेजारी."

"मला दिसत नाही!" म्हातारा ओरडला. त्याचा आवाज क्लबाच्या पत्र्याला जाऊन लागला. "तीन वर्षं झाली, मला काहीही दिसत नाही! कळलं का?"

आणि मग तो थांबला. मी त्याला ओळखते, तो गलका व्हायची वाट बघत होता. कुणीतरी अरेरे म्हणेल, बाया कुजबुजतील, कुणी देवाचं नाव घेईल. मीही वाट बघत होते. काहीच झालं नाही. कुणी चकित झालं नाही. लोक नुसते उभे होते, पावसात भिजलेल्या मेंढरांसारखे, माना खाली घालून.

"तुम्हाला ठाऊक होतं," म्हातारा म्हणाला.

"अरे, कुत्र्यालाही ठाऊक आहे," सातिबाल्दी म्हणाला, पण त्याच्या आवाजात नेहमीची टोचणी नव्हती. "कुणी आलं की उल्कान खोकते. बाई असली की एकदा, पुरुष असला की दोनदा. गावातली पोरं तोच खेळ खेळतात आता."

मला वाटलं जमीन दुभंगावी. तीन वर्षं मी ज्या मुठीला घट्ट समजत होते ती सताड उघडी होती आणि अख्खं गाव तिच्यात डोकावून बघत होतं. माझा खोकला, माझी बडबड, उजव्या गुडघ्याशी ठेवलेला वाडगा. सगळे बघत होते आणि माझ्यासाठी न बघितल्यासारखं करत होते.

"मग बोलला का नाहीत?" म्हातारा विचारत होता.

"कसं बोलणार?" काचकिन म्हणाला. "चार लोकांत तुमची शोभा करायची? म्हटलं कागद जाऊ दे, मग गुपचूप बदलून घेऊ."

"कधी? भिंती उभ्या राहिल्यावर? छप्पर घातल्यावर?" म्हाताऱ्यानं काठी दारांवर आपटली, नमद्याचे डोंगर हलले. "माझ्या दाढीची लाज राखायला पोरं गाळात घालणार होतात? अशी दाढी चुलीत घाला!"

तो रडत होता. त्याला ते लपवता आलं नाही, कारण कोण बघतंय हे त्याला दिसत नव्हतं.

बेरमेत मधे आली. तिचंही तोंड उतरलं होतं. "चूक माझीपण आहे," ती म्हणाली. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवायला लावलं मी, आणि तेही तुम्हाला पहिलं. पुन्हा करू या. मधे पडदा लावून, एकेकानं आत जायचं, कोण कुठे ठेवतो ते कुणाला दिसणार नाही. आणि आक्साकाल शेवटी."

"दुवा झालीय," मागून कुणीतरी म्हणालं.

"आंधळ्यानं चुकून मागितलेली दुवा देव परत देतो," म्हातारा म्हणाला. "पडदा आणा."

पडदा माझ्याच घरून आणला. लग्नात नवरीला ज्याच्या आड बसवतात तो, माझ्या आईनं भरतकाम केलेला. पेरिझातचा तसला पडदा लोंढ्यात गेला होता. जुनी हाडं उचलून परत वाटली, नकाशा पहिल्यासारखा फिरवला, मग दोरीवर पडदा टांगला आणि एकेक जण आत जाऊन आला. त्या दिवशी हाडांचा ठक ठक आवाज वेगळा होता. प्रत्येकाला वेळ लागत होता. पेरिझात आत गेली तशी लगेच बाहेर आली. मी गेले तेव्हा पठार लाल झालेलं होतं. सातिबाल्दीसारख्यांनी तर आपलं स्वतःचं कुरण गमावून हाड तिथे ठेवलं होतं. ओढ्यात एकही नव्हतं. मी माझं पठारावर ठेवलं आणि डोळे पुसून बाहेर आले.

म्हाताऱ्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "माझ्यासाठी पडदा नको, काढा. मला काय हवंय ते सगळ्यांना माहीत आहे." पडदा काढला. मी हात पुढे केला. त्यानं झिडकारला. "शिकलोय मी. एवढं तरी माझं मी करीन."

सगळं गाव भोवती उभं. तो वाकला, कड चाचपली, तीन वीत मोजल्या. आणि मग, इतक्या माणसांच्या श्वासांत गोंधळला असेल, डावीकडे जायचा तो उजवीकडे गेला. हाड त्याच्या बोटांतून सुटलं, नमद्याच्या उतारावरून घरंगळलं आणि करड्या तुकड्यावर जाऊन थांबलं. एकटंच.

तो वाकलेलाच राहिला. कान देऊन.

"म्हातारे," त्यानं विचारलं, "बरोबर पडलं?"

एवढं सगळं झालं होतं. दगड धुणारी पेरिझात मी पाहिली होती, भर रस्त्यात त्याचा हात धरला होता, सगळ्या गावासमोर तो रडला होता. आणि माझ्या जिभेनं, मला न विचारता, म्हटलं, "बरोबर."

काचकिननं पुन्हा बूट बघितले. सातिबाल्दीनं पुन्हा छत बघितलं.

"नाही," पेरिझात म्हणाली.

तिनं मोठ्या माणसांपुढे आवाज काढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मोठा नव्हता, पण क्लबात सगळ्यांना ऐकू गेला. धाकटं तिच्या कडेवर होतं. "ओढ्यात पडलंय."

म्हातारा सरळ झाला. माझ्याकडे त्यानं तोंड वळवलं नाही. आवाज आला त्या दिशेला हात पुढे केला आणि म्हणाला, "दाखव, पोरी."

तिनं त्याचं मनगट धरलं, ओढ्यातलं हाड त्याच्या बोटांत दिलं आणि हात उतारावरून वर नेला, झऱ्याच्या निळ्या पट्टीपर्यंत, मग सपाटीवर. त्यानं हाड ठेवलं. मग तिथली बाकीची हाडं एकेक चाचपत विचारायला लागला, यातलं तुझं कुठलं, घराचं दार कुठल्या बाजूला काढणार, पाणी किती पावलं. ती सांगत होती. तो मान डोलवत होता. मी हात अर्धा पुढे केलेला तशीच उभी होते.

तेवढ्यात दार उघडून बेरमेतचा ड्रायव्हर आत आला.

आणि मी दोनदा खोकले.